विंचवाचं बिऱ्हाड, माकणीचं पाणी

माकणीच्या धरणाकाठी गाडी लावली त्या पहिल्याच संध्याकाळी तिघांनी एकच प्रश्न विचारला, “बोटिंग कधी चालू व्हायलंय?” तिसऱ्यानं तर तिकीट किती ठेवणार तेही विचारलं.

त्यांचं काही चुकत नव्हतं. खिडक्यांना पडदे लावलेली उंच गाडी, टपावर आवळून बांधलेली रबरी बोट, दोरीवर वाळत घातलेली नारिंगी लाइफ जॅकेटं. धाराशिव जिल्ह्यात बोटीत बसायचं म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यात जायचं, एवढंच लोकांना ठाऊक. तिथं आदिलशाहीत बोरी नदीला किल्ल्याच्या पोटातच बांध घातला, बांधाच्या आत पाणीमहाल बांधला, आणि आज त्या पाण्यावर होड्या फिरतात. माकणीच्या लोकांना वाटलं, आता आपलंही नशीब उघडलं.

आम्ही आलो होतो गाळ मोजायला. मी मूळचा कळंबचा. डिप्लोमा केला आणि धरणांच्या तळाची मोजणी करणाऱ्या एका खासगी कंपनीत सर्वेअर म्हणून चिकटलो, त्याला आता सोळा वर्षं झाली. वर्षातले सहा-सात महिने मी पाण्यावर आणि उरलेला वेळ त्या पाण्याचे आकडे जुळवत काढतो. नातेवाइकांना माझं काम अजून नीट कळलेलं नाही. आई लोकांना सांगते, “तो धरणावर असतो.” यापेक्षा नेमकं मलाही सांगता येत नाही.

गाडी म्हणजे जुनी सतरा सीटर. सीटं काढून दोन्ही बाजूंना वर-खाली फळ्या ठोकलेल्या, त्यांवर गाद्या. खालच्या फळ्यांखाली बॅटऱ्या आणि यंत्रांच्या पेट्या. मागचं दार उघडलं की ओटा, त्यावर छोट्या सिलिंडरची शेगडी, बाजूला दीडशे लिटरची पाण्याची टाकी. गाडी चालवणारे मामा या सगळ्याला ‘बिऱ्हाड’ म्हणतात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पेपर घडी करून ठेवत ते म्हणाले, “आपुन बिगरधोरणाचंच करायलाव की इतकी वर्षं.”

लॉजवर का राहत नाही, असं सगळेच विचारतात. कारण पाणी. हिवाळ्यात पहाटे धरण आरशासारखं असतं. नऊ-साडेनऊला वारा उठतो, लाटा येतात, बोट वर-खाली होऊ लागते आणि खोलीच्या आकड्यांत ती उचकी उतरते. म्हणजे खरं काम तीन-चार तासांचंच. उमरग्याला मुक्काम करून रोज इथवर यायचं म्हटलं तर पहाट रस्त्यातच संपायची. शिवाय लाखांची यंत्रं काठावर ठेवून जायचं कुणाच्या भरवशावर? म्हणून विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पाण्याकाठीच राहायचं.

निम्न तेरणा हे या धरणाचं कागदोपत्री नाव. तेरणा नदीवर, लोहारा तालुक्यात, ऐंशीच्या दशकात बांधलेलं. मराठवाड्यातल्या अकरा मोठ्या प्रकल्पांत ते मोजतात, पण त्या अकरांत ते लहानांपैकी एक. उपयुक्त साठा ९१.२२ दशलक्ष घनमीटर, आम्ही बोलताना दलघमी म्हणतो. जायकवाडीचा २,१७१. पण ज्याच्या घरी टँकरची वाट बघितली जाते त्याला विचारा लहान धरणाची किंमत. या धरणाचा एक टक्का म्हणजे एक्क्याण्णव कोटी लिटर, दहा हजार लिटरचे एक्क्याण्णव हजार टँकर.

ही टक्केवारी रोज पेपरात येते. ती कशी निघते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. धरणातलं पाणी कुणी मोजत नाही. पाण्याची पातळी मोजतात. भिंतीजवळच्या पट्टीवर पातळी वाचायची, मग एक तक्ता उघडायचा. या पातळीला इतके दलघमी, त्या पातळीला तितके. तो तक्ता मूळचा धरण बांधतानाचा, म्हणजे पाणी अडवण्याआधी जमीन जशी होती तिच्या मोजणीवरून केलेला. त्यानंतर दर पावसाळ्यात नदी माती आणते. तळ वर येतो. पातळी मात्र पट्टीवर तीच दिसते. तक्ता बदलला नाही तर कागदावर धरण भरलेलं असतं आणि त्यातलं काही पाणी प्रत्यक्षात माती असते. आम्ही जातो ते तक्ता नव्यानं करायला.

मला हे पुस्तकात कळलं होतं. पटलं ते आमच्याच टाकीमुळे. टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी लावली आहे, तिच्यावर मामांनी खुणा केल्यात. पूर्ण भरली की चौघांना तीन दिवस पुरायची. माकणीला ती अडीच दिवसांतच संपू लागली. मामांनी आधी आमच्यातल्या नव्या इंजिनिअरच्या आंघोळीवर संशय घेतला. पोरगं बिचारं दोन दिवस नुसतं तोंड धुऊन राहिलं. तिसऱ्या दिवशी मामांनी टाकी खोलली, तर तळाला चार बोटं राड. वेगवेगळ्या गावच्या बोअरचं, टँकरचं पाणी दोन वर्षं भरलेलं, त्याचा साका. नळी पूर्ण भरल्याचं सांगत होती आणि ती खोटं बोलत नव्हती. मामांनी राड खरवडून बाभळीच्या बुडाशी टाकली आणि इंजिनिअरला म्हणाले, “जा बाबा, कर आता आंघोळ.”

आमच्या कामाला ‘लाइन मारणं’ म्हणतात. धरणाच्या नकाशावर पन्नास-पन्नास मीटरवर सरळ रेघा आखलेल्या असतात. बोट त्या रेघांवरून पायी चालण्याहून थोड्या जास्त वेगानं न्यायची, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पुन्हा परत. शेतात पाळी घालावी तसं. बोटीच्या अंगाला एक दांडा, त्याच्या टोकाला पाण्यात बुडालेला ट्रान्सड्यूसर. तो खाली आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तळाला आपटून तो परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो. साडेसात मीटर खोलीवरून परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि खोली सांगतं.

पण रोज सकाळी आधी यंत्राची परीक्षा घ्यायची. थंड पाण्यात आवाज जरा हळू चालतो, त्यामुळे कालचं गणित आज चालत नाही. साखळीला बांधलेली लोखंडी पाटी ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली दोन मीटरवर सोडायची. पडद्यावर दोन यायला हवेत. एक पूर्णांक ब्याण्णव आले तर दुरुस्ती करायची. मग चार मीटर, मग सहा. पहाटे साखळी इतकी गार असते की बोटांना चटका बसल्यासारखं वाटतं. लाकडाच्या निखाऱ्यांवर हात शेकून पुन्हा साखळी धरायची. या परीक्षेला ‘बार चेक’ म्हणतात, आणि जो सर्वेअर थंडीचं निमित्त करून ती टाळतो त्याचे पुढचे सगळे आकडे मी विश्वासानं घेत नाही.

शांत तळं, शांत तळं असं लोक म्हणतात. मागे इंजिन घरघरत असताना शांतता कसली? ती मिळते लाइन संपल्यावर, इंजिन बंद केल्यावर. तेव्हा चक्रवाकांचा आवाज येतो, काठावरच्या शाळूतून कुणी पाखरं हाकलत असतं ते ऐकू येतं, आणि पाण्यावरून दोन माणसांचं बोलणं अर्धा किलोमीटर लांबून स्पष्ट पोचतं. एकदा आम्ही असेच थांबलो असताना काठावरची बाई शेजारणीला म्हणाली, “चार दिस झालं, नुसतं हिकडून तिकडं करायलेत. कामधंदा न्हाई वाटतं.”

सहाव्या दिवशी आमचं इंजिन धडधडून बंद पडलं. मधोमध. मागे वाकून बघतो तर पंख्याला नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं. पाण्यावर रिकाम्या बाटल्या तरंगताना आम्हाला रोज दिसायच्या, आम्ही त्यांना कचरा समजायचो. त्या कोळ्यांनी जाळ्याला बांधलेल्या होत्या. वारा सुरू झालेला, बोट हळूहळू सरकत निघाली. इंजिनिअरनं पेटीतून चाकू काढला.

“हां हां! कापायचं न्हाई!” थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक म्हातारा हातातल्या फळकुटानं पाणी मारत आमच्याकडे येत होता. जाळं त्यांचंच होतं, त्यांना सगळे तात्या म्हणत. आल्या आल्या त्यांनी आम्हाला चार गोष्टी सुनावल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग ते तराफ्यावर ओणवे झाले, इंजिन वर उचलायला लावलं, आणि एक-एक फेरा उलटा सोडवू लागले. जिथं धागा घासून वितळून गाठ झाली होती तिथं त्यांनी नखानं उकललं, दातानं ओढलं, पण चाकू मागितला नाही. पाऊण तास लागला. जाळं पायाजवळ गोळा झालं तेव्हा त्यांनी ते उन्हाकडे धरून फाटलेले डोळे मोजले. “सात,” म्हणाले. आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी भरपाईपुरते घेतले, उरलेले परत दिले, आणि विचारलं, “रोजानं माणूस लागतंय का?” दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या बोटीच्या नाळेवर बसू लागले. नंतर एकही जाळं आमच्या पंख्यात आलं नाही.

तात्यांनी दुसरी मोठी गोष्ट केली ती त्यांच्याही नकळत. संध्याकाळी गाडीत बसून दिवसभराचे आकडे साफ करायचे असतात. मासा आडवा आला, बुडबुडे आले, तर मध्येच भलतीच खोली नोंदली जाते. पडद्यावर तो काटा वर किंवा खाली उडालेला दिसतो, तो खोडायचा. इंजिनिअर खोडत होता. एका रेघेवर तळ सपाट चाललेला, मध्येच अडीच-पावणेतीन मीटरनं खाली गेला आणि लगेच वर आला. त्यानं बोट बटणावर ठेवलं. तात्या चहा पीत मागून बघत होते. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, पण काठावरचं देऊळ आणि चिंच दाखवल्यावर त्यांनी जागा ओळखली. “ते खोडू नका. ती हीर हाय.”

सकाळी आम्ही मुद्दाम त्या जागेवरून आडवी लाइन मारली. तिथंही तळ तसाच खाली गेला. विहीरच होती. तात्यांचे वडील त्या मळ्यात सालगडी होते. विहीर सात परुस होती, असं तात्या म्हणाले. परुस म्हणजे उभ्या माणसाची उंची. पडद्यावर दीड परुस उरली होती. इंजिनिअर हरखून लगेच गणित मांडू लागला, मी त्याला थांबवलं. विहीर म्हणजे मुळातच खड्डा, गाळ आधी तिथंच जाऊन बसणार. त्यावरून साऱ्या तळाचा हिशेब करायचा नसतो. हिशेब सगळ्या रेघा मारून झाल्यावरच होतो आणि तो आकडा अहवालात जातो, माझ्या तोंडून नाही. पण त्या दिवसापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. स्थानिक माणसाला दाखवल्याशिवाय तळावरचा काटा खोडायचा नाही.

गाळाविषयी आणखी एक समजून घ्यायला हवं. धरण आखताना तळाशी काही जागा मृत साठा म्हणून धरतात, गाळ तिथं जाऊन बसेल अशा हिशेबानं. गाळाला हा हिशेब मान्य नसतो. नदी धरणाच्या पाण्यात शिरते तिथंच तिचा वेग मोडतो आणि जाड माती ती तिथंच टाकते, वरच्या अंगाला, आपण ज्याला उपयुक्त साठा म्हणतो त्या जागेत. फक्त बारीक काळी माती भिंतीपर्यंत पोचते. एक हेक्टर तळावर एक मीटर गाळ बसला की एक कोटी लिटर पाण्याची जागा गेली. ही माती कुणाची? वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची. याच तेरणेच्या काठी वर तेर आहे. गोरोबाकाकांनी तुडवली ती याच नदीच्या खोऱ्यातली माती. त्यांनी तिची मडकी केली, पाणी धरायला. आता तीच माती आमच्या मडक्यात बसून पाण्याची जागा खाते आहे.

मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात शेळ्या घेऊन एक आबा येऊ लागले, सास्तूरच्या अंगाचे. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावले आणि काठीनं टप वाजवून बघितला. “पत्राच हाय न्हवं?” म्हटलं, हो. “मग बरंय.” मला एक क्षण लागला कळायला.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी इथून पलीकडे, लातूर जिल्ह्यात, पण लोहारा-उमरगा भागातली गावंही तशीच बसली. जवळपास आठ हजार माणसं गेली. या भागातली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद. लाकडावर पांढऱ्या मातीचे थरावर थर, दर पावसाळ्याआधी आणखी एक. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. ती टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. कळंबला भिंतीवरची भांडी पडली तेवढंच, पण आम्ही महिनाभर अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. घराबाहेर झोप लागायची सवय मला तेव्हापासूनची.

आबांनी विचारलं, “ह्या पाण्यानंच झालं म्हणत्यात. खरं हाय का?” शास्त्रज्ञांत यावर वाद झाला आहे. धरणाच्या पाण्याचा दाब भेगांतून खोल उतरला आणि त्यानं निमित्त दिलं, असं काहींनी मांडलं. इतरांना ते पटलं नाही. मोठ्या भूकंपाआधी वर्षभर, १९९२ मध्येच, लहान धक्के बसू लागले होते. मी आबांना तेवढं सांगितलं आणि म्हणालो, “माझं यंत्र गाळापर्यंतच बघतंय आबा. खडकाच्या आतलं मला दिसत न्हाई.” त्यांनी मान डोलावली. उठताना विचारलं, झोपता कसे? मी फळी दाखवली. “पाय दाराकडं करून झोपत जावा,” म्हणाले आणि शेळ्या हाकत निघून गेले. मी तेव्हापासून तसाच झोपतो. मामा हसले नाहीत, त्यांनीही उशी फिरवली.

काळी शेताची, पांढरी गावाची, असं आपण म्हणतो. या पट्ट्यात पांढरी माणसांच्या अंगावर आली आणि काळी धरणाच्या पोटात गेली. दोन्ही थराथरानं साचल्या, दर वर्षी थोड्या, आणि वजन कुणी मोजलं नाही.

काम संपत आलं तेव्हा येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्या धाराशिव-लातूरकडची खास. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव, आणि भज्जी, आंबील, उंडे. तात्यांनी बोलावलं होतं. त्यांच्या मेव्हण्याच्या शेतात आम्ही चौघं जेवायला बसलो. शेतात काळी, भुसभुशीत, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी माती. मेव्हणे सांगत होते, दोन उन्हाळ्यांपूर्वी गावतळ्यातला गाळ ट्रॅक्टरनं आणून टाकला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सरकारनं २०१७ मध्ये सुरू केली, तिची ही चव. शाळू खांद्याच्या वर गेला होता. गावतळं उन्हाळ्यात आटतं, तिथं ट्रॅक्टर उतरतो. मोठ्या धरणाचा तळ इतका सहज उघडा पडत नाही, म्हणून तिथला गाळ काढण्यापेक्षा वरच बांधबंदिस्तीनं अडवणं स्वस्त पडतं. पण गाळ वाया जायची वस्तू नाही, एवढं त्या शाळूकडे बघून कुणालाही पटावं.

त्या दुपारी धरणावर एकही बोट नव्हती, आमचीही नाही. पहिल्यांदा मी ते पाणी नुसतं बघितलं. खाली नदी कुठून वळते, विहीर कुठं आहे, उथळ कुठं आहे, सगळं डोळ्यांपुढे होतं आणि वर एक सपाट, निळं, निरागस पाणी. फोटो काढला असता तर पर्यटनाच्या पुस्तकात शोभला असता.

निघायच्या दिवशी तिकीट विचारणारा तो माणूस पुन्हा भेटला. “मग, न्हाईच का बोटिंग?” म्हटलं, सध्या तरी नाही. तो खट्टू झाला. त्याला खरं तर मला एक काम सांगायचं होतं, तेच तुम्हालाही सांगतो. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या जवळचं धरण शंभर टक्के भरल्याची बातमी येईल. पेढे वाटा, पूजन करा, फोटो काढा. मग पाटबंधारेच्या कचेरीत जाऊन एवढंच विचारा: हे शंभर टक्के कोणत्या सालच्या तक्त्यावरचे?